मावशींचा ळ

कटरच्या पात्याचं बोथट टोक पकडीत धरून मावशी ते टक्कन मोडायच्या आणि समोरच्याकडे न बघताच म्हणायच्या, "गोल नको बोलू. सरल बोल."

समोर कुणीही असो. रिक्षावाला असो, मंडळाचा अध्यक्ष असो, नाहीतर 'मावशी, जरा बघून घ्या ना' असं घुटमळत बोलणारा मी असो. पातं मोडलं की समजायचं, आता लांबण लावून उपयोग नाही.

'सरळ' हा शब्द त्यांच्या तोंडून 'सरल' असाच यायचा. जन्म खाडीकाठच्या गावातला, आणि तिथल्या बोलीत ळ नाहीच. डोळ्याचा डोला होतो, काळ्याचा काला. गंमत म्हणजे त्यांच्या हातून उतरणारं सगळ्यात देखणं अक्षर कुठलं, तर ळ. मी एकदा त्यावरून चिडवलं, तेव्हा म्हणाल्या, "तोंडात नाय तं नाय. हातात हाय ना?"

सीवूड्स स्टेशनाकडून गावात शिरणाऱ्या रस्त्यावर आमची दुकानं शेजारी शेजारी होती. मी साताऱ्याकडचा. इथे येऊन फ्लेक्स छापायचं दुकान टाकलेलं. मावशींचं दुकान रेडियमचं. रेडियम म्हणजे गाडीवर चिकटवतात तो, उजेड पडला की चमकणारा स्टिकरचा कागद. माझ्याकडे स्टिकर कापायचं यंत्र होतं. मावशींकडे एक कटर, एक स्टीलची पट्टी आणि गुडघ्यावर ठेवायचा पाट. तरीही नवी गाडी घेतलेला माणूस आधी त्यांच्याकडेच जायचा.

कारण त्यांची अक्षरं. तुम्ही या भागात राहत असाल तर ती कुठे ना कुठे पाहिलीच असतील. त्यात गोलाई औषधालासुद्धा नव्हती. क चं पोट सहा कोनांचं, व म्हणजे तिरपा चौकोन, इंग्रजी ओ म्हणजे नटबोल्टमधला नट. डोक्यावरची रेघ प्रत्येक अक्षरानंतर तिरकी तोडलेली. ळ म्हणजे टोकाला टोक लावून ठेवलेले दोन हिरे. पोरं म्हणायची, "मावशी, हे रॉकेटवरचं वाटतं." कबड्डीच्या जर्सीवर, डीजेच्या गाडीवर, हळदीच्या बॅनरवर, सगळीकडे तीच अक्षरं.

मावशींना रॉकेटशी कर्तव्य नव्हतं. नवऱ्याची होडी होती तेव्हा तिच्यावरचं रंगवलेलं नाव खाऱ्या पाण्याने वर्षभरातच जायचं. म्हणून त्यांनी रेडियम कापून लावायला घेतलं. तो कागद कडक. पातं गोल वळवलं की तडकतो. म्हणून सगळ्या रेघा सरळ. आणि कोपरा टोकदार ठेवला की पाणी तिथूनच खाली शिरतं, म्हणून प्रत्येक कोपऱ्याला नखाएवढा तिरपा काप. "खारा पानी लय वायट. जरा टोक दिसला का धरून खेचतं," त्या सांगायच्या. पुढे नवरा गेला, होडी विकली, पण अक्षरं राहिली. पंचवीस वर्षं त्या ती घासूनपुसून नीट करत होत्या.

आता त्यांच्या स्वभावातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल सांगायला हवं. मावशी डूक धरायच्या.

बाजूच्या गावच्या क्रिकेट टीमचा एक कप्तान होता. मावशींनी जर्सीसाठी काढलेला नमुना बघून त्याने चारचौघांत म्हटलं, "ह्या काय काड्यापेटीच्या काड्या लावल्या?" त्या वर्षापासून त्याच्या विरुद्ध फायनलला जी टीम येईल तिच्या पाठीवरची नावं मावशी फुकट कापून द्यायला लागल्या. फायनलला स्वतः जायच्या, पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायच्या. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या वर्षी तो जिंकला. दुसऱ्याही वर्षी जिंकला. तिसऱ्या वर्षी शून्यावर बाद झाला आणि टीम हरली. मावशी उठल्या, त्याच्यासमोर जाऊन क्षणभर उभ्या राहिल्या आणि घरी आल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या ओळीतल्या सगळ्या दुकानांना कोलंबीचं कालवण आलं.

"मावशी, तीन वर्षं?" मी विचारलं.

"मंग? घाई हाय का कं?"

आम्ही पोटभर हसलो. डूक धरणारं माणूस आपल्या बाजूचं असेल तर फार गोड वाटतं.

मग तो आला. बेलापूरला त्याचा डिझाइनचा स्टुडिओ होता. चाळिशीच्या आतला, हातमागाचा सदरा, मराठी इतकी शुद्ध की त्याच्याशी बोलताना मावशी पदर सारखा करायच्या. चार दुपारी तो त्यांच्या दुकानात बाकड्यावर बसला, कापताना बघत राहिला. "मावशी, हे फार मोठं काम आहे," तो म्हणाला. "याचं प्रदर्शन व्हायला हवं. तुमच्या नावासकट. मला सगळी अक्षरं हवीत."

मावशींनी आठवडाभर गिऱ्हाइकं परत पाठवली. अ पासून ज्ञ पर्यंत, काना-मात्रे, जोडाक्षरं, इंग्रजी ए ते झेड, आकडे, सगळं कापून सहा मोठ्या काळ्या कागदांवर चिकटवलं. त्या आठवड्यात त्या गुणगुणत होत्या. मी त्यांना गुणगुणताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

तो ते सहा कागद घेऊन माझ्या दुकानात आला. "स्कॅन करून, प्रत्येक अक्षर कॉम्प्युटरवर नीट ट्रेस करून द्या."

"मावशींना माहीत आहे ना?" मी विचारलं.

"अर्थात," तो म्हणाला. मग म्हणाला की एका मोठ्या टॉवरचं काम त्याच्याकडे येतंय, त्याचे सगळे फलक छापायला माझ्यासारखा माणूस त्याला हवाच आहे.

आमच्या दोन दुकानांमध्ये एकच भिंत होती. पलीकडून पातं मोडल्याचा आवाज येत होता. उठून विचारायला दहा पावलं पुरली असती. मी उठलो नाही. पाच दिवस बसून मी त्यांचं एक एक अक्षर माउसने गिरवलं. इतकं मन लावून मी कधीच काम केलं नव्हतं, हेही खरं.

प्रदर्शन झालंच नाही. सातआठ महिन्यांनी पाम बीच रस्त्यावर टॉवरचा फलक लागला, 'आभाळाजवळचं घर'. मावशी रिक्षाने बाजारातून येत होत्या. त्यांनी रिक्षा मध्येच थांबवली आणि टोपली तशीच ठेवून उतरल्या. रिक्षावाल्याने मला नंतर सांगितलं, त्या पाच मिनिटं फलकाखाली उभ्या होत्या.

तिथून त्या थेट माझ्याकडे आल्या. "त्या बोर्डावर दोन ळ हायेत. दोनी माजे हायेत."

तो फलक मीच छापला होता. मी म्हटलं, "मावशी, हल्ली असं बरंच असतं. एकासारखं दुसऱ्याला सुचतं. कॉम्प्युटरवर तर काय..."

"गोल नको बोलू."

"खरंच मावशी. मला काही माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी त्या चांगलं लुगडं नेसून एकट्याच बसने बेलापूरला गेल्या. संध्याकाळी परत आल्या त्या हातात एक कॉफीचा मग घेऊन. त्यावर त्यांचाच ळ छापलेला. स्टुडिओत काय झालं ते त्यांनी सांगितलं, त्याच्या शुद्ध मराठीची हुबेहूब नक्कल करत. त्याने त्यांना कॉम्प्युटरवर फॉन्ट दाखवला, फॉन्टला एक इंग्रजी नाव आणि खाली निर्माता म्हणून स्वतःचं. म्हणाला, मावशी, तुमचं काम कच्चं होतं, आम्ही त्याला शिस्त लावली. म्हणाला, अक्षरांवर कुणाची मालकी नसते, ती समाजाची असतात. आणि निघताना हा मग दिला. भेट.

सांगून झाल्यावर त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. "तुना काय सांगायचा हाय का?"

"मला? नाही."

"बरं." त्यांनी नेहमीसारखा अर्धा चहा माझ्या ग्लासात ओतला. नंतर उठून तो कॉफीचा मग पाटाशेजारी ठेवला आणि त्यात पात्यांची मोडलेली टोकं टाकायला सुरुवात केली.

त्यानंतर त्यांनी तो विषयच काढला नाही. पाऊसकाळ गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. मला वाटलं, विसरल्या. कप्तानाचं कालवण खाऊनही मला तसं वाटलं, यावरून माझी अक्कल ओळखा.

टॉवर उभा राहत होता. तळघरातल्या पार्किंगमध्ये समोरच्या लांबलचक भिंतीवर अक्षरांची नक्षी हवी, असं स्टुडिओने ठरवलं. म्हणजे अर्थ काही नाही, नुसती त्या फॉन्टची अक्षरं ओळीने, एकाखाली एक, गोणपाटाच्या विणीसारखी. पांढरं साधं स्टिकर, काळ्या भिंतीवर. कापायचं काम माझ्या यंत्रावर आलं. चिकटवायला हात हवा होता, तोही सराईत. मी कुणाला तरी शोधतोय हे ऐकून मावशी म्हणाल्या, "मी येतंय."

"तुम्ही? त्या माणसाच्या कामावर?"

"काम ते काम."

मला इतकं हलकं वाटलं! राग गेला, मिटलं सगळं. तीन दिवस त्या शिडीवर आणि मी शिडी धरून खाली. स्वतःचा पांढऱ्या रेडियमचा रोल त्यांनी सोबत आणला होता, कमी पडलं तर असू दे म्हणून. मधूनच काही अक्षरं त्या बाजूला ठेवायच्या, रोलमधून नवी हाताने कापून लावायच्या. "याची कड फाटलीय," म्हणायच्या. मी वर न बघता मान हलवायचो. दुसऱ्या दिवशी त्यांनी वरून विचारलं, "घट धर. सोरशील तं नाय?"

"सोडेन कसा मावशी?" मी म्हटलं.

घरं बघायला बोलावलेल्या लोकांसाठी रविवारी सकाळी अकराला कार्यक्रम होता. तळघरात अजून दिवे पुरते लागले नव्हते, दोनचार ट्यूबलाइट मिणमिणत होत्या. त्या उजेडात भिंत पांढऱ्या अक्षरांनी भरलेली, सुंदरच दिसत होती. मावशी एका खांबाशी उलट्या बादलीवर बसल्या होत्या, डोक्यात अबोलीचा गजरा. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही कशाला आलात?" त्या म्हणाल्या, "बगाया."

पहिली गाडी उतारावरून खाली आली. पुढच्या सीटवर बिल्डर, शेजारी स्टुडिओवाला. गाडी वळली, हेडलाइट भिंतीवर पडले, आणि त्या शेकडो पांढऱ्या अक्षरांतली मोजकीच अक्षरं पेटल्यासारखी चमकली. बाकीची काळोखात बुडाली. डावीकडून उजवीकडे, भिंतभर, स्वच्छ वाचता येत होतं:

ही अक्षरं माजी हायेत

मागच्या गाड्यांतले लोक उतरले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हीच कल्पना आहे. एक पाहुणे म्हणाले, "माजी म्हणजे पूर्वीची? माजी आमदार असतात तसं?" बिल्डर खूश होऊन स्टुडिओवाल्याला म्हणाला, "कॉन्सेप्ट एकदम नवीन आहे हं. पण मतलब काय?"

स्टुडिओवाल्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी बघितला. मी खोटं बोलणार नाही, त्या क्षणी मला कालवणाची चव आठवली.

मावशी उठल्या. "मतलब मी सांगतंय. माजी म्हंजे माजी. त्याची नाय."

"कोण आहेत ह्या?" बिल्डरने विचारलं.

"भिंतीवर स्टिकर चिकटवणाऱ्या बाई आहेत," स्टुडिओवाला घाईने म्हणाला. "काहीतरी गैरसमज झालाय. मी बघतो."

"गोल नको बोलू," मावशी म्हणाल्या. कमरेचा कटर काढला, पिशवीतल्या रोलचा तुकडा फाडला, गाडीच्या गरम बॉनेटवर माझ्या हातातली वही ठेवून तिच्यावर पसरला. पट्टीही घेतली नाही. बारा-पंधरा वेळा हात फिरला असेल. मग भिंतीशी जाऊन त्यांनी तो ताजा ळ यंत्राने कापलेल्या एका ळ वर ठेवला. माशी शिरायला फट राहिली नाही. "आता याला सांगा, एक कापून दाव."

बिल्डरने स्टुडिओवाल्याकडे बघितलं. स्टुडिओवाला मोबाइलकडे बघत होता.

टॉवर उभा होता ती जमीन मावशींच्याच गावाची. गावाशी वैर घेऊन तिथे एक वीट लागणार नाही, हे बिल्डरला चांगलंच माहीत होतं. आठवड्यात स्टुडिओचं काम गेलं. पाम बीचवरचा फलक उतरला. गावातल्या पोरांनी त्या भिंतीचा व्हिडिओ इतका फिरवला की स्टुडिओवाल्याला फॉन्टही मागे घ्यावा लागला.

मग तो माफी मागायला आला. मावशींनी त्याला तीन दिवस बाकड्यावर बसवलं. चौथ्या दिवशी त्यांनी त्याच्यासमोर पाट ठेवला, कटर दिला, रेडियमचा तुकडा दिला. "ळ काप."

"मावशी, मला हाताने..."

"शिस्त लाव ना."

ओळीतले सगळे दुकानदार दारात उभे होते. त्याचा पहिला कागद तडकला. दुसरा वाकडा गेला. तिसऱ्याला बोट कापलं आणि पांढऱ्या रेडियमवर रक्त सांडलं. मावशींनी हळद आणून स्वतः त्याचं बोट बांधलं, गाठ मारली आणि म्हणाल्या, "जा आता. परत नको येऊ." कुणीच हसलं नाही.

तो गेल्यावर मात्र मी हसलो. म्हटलं, "मावशी, मानलं तुम्हाला!"

त्या पाटावर बसल्या होत्या. त्यांनी पातं मोडलं.

"आता तू सरल बोल."

"काय मावशी?"

"स्कॅन कोनी केला?"

त्यांना माहीत होतं. ज्या दिवशी त्या बेलापूरला गेल्या, त्याच दिवशी त्याने सांगून टाकलं होतं, तुमच्या शेजारच्यानेच तर करून दिलं सगळं. म्हणजे तो कॉफीचा मग घेऊन आल्या, मला चहा ओतला, तेव्हाही माहीत होतं. शिडीवर होत्या तेव्हाही.

"मी केलं," मी म्हटलं. "मावशी, मला वाटलं..."

"तू कवा सांगतंस ते बगत व्हते. धा महिने." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "तो परका व्हता. त्याचा हिशोब जाला. तुना मी अर्धा चा देत व्हते."

त्यापुढे एक अक्षरही नाही. कप्तानासारखं नाही, स्टुडिओवाल्यासारखंही नाही. माझ्यासाठी त्यांनी काही केलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी 'मावशी' म्हणून हाक मारली, तर त्यांनी रस्त्याकडे बघितलं, जणू हाक तिकडून आली. चहा येईनासा झाला. भिंतीपलीकडून पात्याचा आवाज तेवढा यायचा. पाच महिने असेच गेले. मग गुडघे फार दुखायला लागले म्हणून लेक त्यांना कामोठ्याला घेऊन गेली. सामान टेम्पोत चढलं तेव्हा मी मदतीला पुढे झालो. लेक म्हणाली, "राहू दे दादा, आईने सांगितलंय."

त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

वर्षभराने मी पत्ता काढून कामोठ्याला गेलो. तिसरा मजला. बेल दाबली. आतलं दार उघडलं, बाहेरच्या जाळीमागे मावशी उभ्या. केस अगदी पांढरे झालेले, नाकावर नवा चष्मा.

"मावशी, मी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओळखलं होतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. ते डोळे मी दहा वर्षं शेजारून बघितले होते.

"नाय वलकला," त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. नीट, हळू लावलं.

मी जिना उतरून खाली आलो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुचाक्या ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीवर तीच अक्षरं. कुणाच्या मुलीचं नाव, कुणाच्या गावाचं. एका स्कूटरवर 'आभाळमाया' लिहिलं होतं, आणि तो ळ मी पूर्वी पाहिला नव्हता. दोन हिरे होतेच, पण आता एक लहान आणि एक मोठा, आणि मधला सांधा असा काही कापलेला, की कसा कापला असेल ते मला इतक्या जवळून बघूनही समजेना.

मी खिशातून मोबाइल काढला.

"ओ साहेब," वॉचमन खुर्चीतून उठला. "वरच्या आजी करून देतात सगळ्यांना. पण फोटो काढायचा नाही. त्यांनी सांगून ठेवलंय."

मी मोबाइल खिशात ठेवला आणि गेटबाहेर पडलो.